बंब तुमच्या दारापर्यंत येऊ द्या

पुणेकरांनो, विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशांचा दणदणाट चालू असतो, माणसाला माणूस खेटून उभं असतं. तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ढोल थांबतात. पोरं हाताला हात धरून कडं करतात. बघता बघता गर्दी दुभंगते आणि रुग्णवाहिका निघून जाते. कुणी हुकूम सोडलेला नसतो. ही वाट तुम्हीच करून देता.

त्याच तुम्हाला आज हात जोडून एक विचारायचं आहे. हीच रुग्णवाहिका रात्री दोन वाजता तुमच्या गल्लीत आली, तर तिला वाट मिळेल का?

माणूस बाजूला सरकतो. लॉक करून ठेवलेली गाडी सरकत नाही. तिचा मालक चौथ्या मजल्यावर गाढ झोपेत असतो, नाहीतर दोन दिवसांसाठी गावाला गेलेला असतो. तो मनाने कितीही चांगला असला तरी त्या क्षणी त्याचा चांगुलपणा कुणाच्या उपयोगी पडत नाही. तो संध्याकाळी गाडी लावतानाच वापरायला हवा होता. पार्किंगच्या नियमांचं सार एवढंच आहे. आपण तिथे नसताना आपल्या गाडीने कुणाची वाट अडू नये, याची ती आधीच केलेली तजवीज आहे. हे नियम समजून घ्या. आजच घ्या.

धोका किती जवळ आहे ते आधी पाहा. पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या २०१८ सालीच आल्या होत्या. तेव्हापासून गाड्या वाढतच गेल्या, गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. पेठांमधले वाडे गेले, तिथे इमारती आल्या. एका वाड्याच्या जागेवर वीस-वीस बिऱ्हाडं राहायला आली. दिवसा यातल्या कितीतरी गाड्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, कॉलेजांत असतात. रात्री सगळ्या घरी येतात. म्हणजे गल्ली सगळ्यात अरुंद होते ती रात्रीच. आणि आग लागली तर ती सगळ्यात उशिरा कळते, तीही रात्रीच.

अशा रात्री काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. बंब गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो. त्याचं पुढचं चाक आणि कोपऱ्यावरच्या कारचा मागचा बंपर यांत चार बोटांचं अंतर उरलेलं असतं. चालक मागे घेतो, पुन्हा वळवून बघतो. जमत नाही. जवान खाली उडी मारतात. दुचाक्या बाजूला करायला जातात, तर सगळ्यांची हँडलं लॉक. दोघांनी मिळून पुढचं चाक उचलायचं आणि गाडी फरफटत भिंतीकडे न्यायची. एक ओढली की शेजारच्या तीन कलंडतात. कार तर हलवताच येत नाही. शेवटी पाण्याचा पाइप कोपऱ्यापासूनच उलगडत न्यावा लागतो. वर गॅलरीत कुणीतरी लेकराला छातीशी धरून उभं असतं आणि खाली हा खटाटोप चाललेला असतो.

रुग्णवाहिकेचंही तेच. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी छाती दाबून मदत केली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता गल्लीच्या तोंडापासून तुमच्या दारापर्यंत स्ट्रेचर हाताने आणायला किती मिनिटं लागतील, ते मोजा. जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर आडव्या लावलेल्या स्कूटरला वळसा घालायला किती लागतील, तेही मोजा. ती मिनिटं तुमच्या आईची असतील, शेजारच्या काकांची असतील.

हे टाळणं तुमच्या हातात आहे. त्यासाठी वकील व्हायला नको. चार गोष्टी माहीत करून घ्या.

पहिली गोष्ट रस्त्याची. आपल्या रस्त्यावरचे फलक एकदा नीट वाचा. पुण्यात पी-१ आणि पी-२ ची पद्धत आहे. सम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. त्यामुळे एक बाजू कायम मोकळी राहते. आपल्या घरासमोर कोणता फलक आहे हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असू द्या. गाडी लावून गावाला जाणार असाल, तर उद्याची आणि परवाची तारीखही लक्षात घ्या. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून बंब जात नाही. नियम मोडणाऱ्याची घाई कितीही खरी असली तरी.

फलक नसला म्हणजे मोकळीक आहे, असं समजू नका. २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमावलीने काही जागी गाडी उभी करायला सरसकट मनाई केली आहे. पदपथावर नाही. सायकल ट्रॅकवर नाही. झेब्रा क्रॉसिंगवर नाही. चौकाच्या कडेपासून ५० मीटरच्या आत नाही. बसथांब्याजवळ नाही. शाळेच्या आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ नाही. कुणाच्या फाटकासमोर नाही. आगीसाठी पाणी घेण्याच्या नळासमोर नाही. आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावून तर मुळीच नाही. अपंगांसाठी राखलेल्या जागेत दुसऱ्या कुणी नाही. ही यादी पाठ करायची गरज नाही. गाडीतून उतरल्यावर एकदा मागे वळून बघा आणि स्वतःला विचारा, माझ्या या गाडीमुळे कोण अडेल? उत्तरात एक जरी माणूस आला, तरी चावी फिरवा आणि गाडी काढा.

पदपथाचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आपण सगळ्यात निर्धास्त असतो. 'पदपथावर तर लावली आहे, रस्त्यावर कुठे आहे?' असं म्हणतो. पण पदपथावर दुचाक्यांची रांग लागली की शाळेतून येणारं पोर खाली रस्त्यावर उतरतं, भरधाव बसच्या बाजूला. काठी टेकत चालणारे आजोबा उतरतात. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती आरशाला, सायलेन्सरला अडखळते. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला तर वर चढताच येत नाही. तुमची दुचाकी तिथे सुरक्षित राहते, माणूस राहत नाही. ती दुचाकी आजपासून पदपथावरून उतरवा. शेजाऱ्यालाही सांगा. रागावून नको, हसून सांगा. पुणेकराला टोमणा मारायला शिकवावं लागत नाही, पण इथे साधी विनंती जास्त काम करते.

दुसरी गोष्ट आपल्या दारासमोरच्या जागेची. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपल्या मालकीचा नाही. तिथे कुंड्या, दगड, जुने टायर, साखळ्या ठेवून जागा धरता येत नाही. तुमच्या फाटकासमोर कुणी गाडी लावली तर तो नियमभंग आहे आणि त्याविरुद्ध तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही आपली लाडकी पाटी कायद्यात कुठे बसत नाही. हवा सोडलेली गाडी तर तिथेच अडकून पडते! मग बंबाची वाट तुम्हीच बंद केली, असं होतं. हवा सोडू नका. वाहतूक पोलिसांना कळवा. वाट अडल्याने कुणाच्या जिवावर बेतत असेल तर ११२ लावा.

आणि त्या भंगार गाड्या! प्रत्येक गल्लीत एक तरी असते. चारही टायर बसलेले, काचांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ, बॉनेटवर मांजर. तिचा मालक 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलिसांना ओढून नेता येते. तिच्यामुळे वाहतुकीला धोका होत असेल, तर दहा तास थांबण्याचीही गरज नाही. ती गाडी तुमची असेल तर या आठवड्यात मोडीत काढा. तुमची नसेल, तर मालकाला भेटा. मालक सापडत नसेल, तर वाहतूक पोलिसांना आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा.

तिसरी गोष्ट सोसायटीच्या आवाराची. इथे धोका अधिक आणि माहिती कमी आहे. उंच इमारतीभोवती बंब फिरण्यासाठी ६ मीटरचा मोकळा पट्टा लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ४५ टनांपर्यंतच्या बंबाचं वजन पेलेल अशी जमीन आणि वळायला जागा सांगितली आहे, ती उगीच नाही. उंचावरच्या माणसाला खाली आणणारी शिडी बंबावरच असते. बंब इमारतीला भिडलाच नाही, तर शिडी कितीही लांब असली तरी खिडकीपर्यंत पोहोचत नाही. आणि आपण त्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने चौकोन आखतो, फ्लॅटचे नंबर टाकतो आणि 'तेवढीच चार गाड्यांची सोय झाली' म्हणून खूश होतो. कुठे आगीच्या नळाच्या लाल पेटीसमोर आच्छादन घातलेली कार महिनोन्‌महिने उभी असते. ही सोय नाही. वरच्या मजल्यांवरच्या प्रत्येक कुटुंबाच्या सुटकेची वाट आपण चार गाड्यांसाठी गहाण टाकली आहे.

ते चौकोन पुसा. इमारतीचा मंजूर नकाशा काढा. त्यात बंबाची वाट कुठे दाखवली आहे ते बघा. तेवढा भाग पिवळ्या रंगाने आखा आणि तिथे कुणाचीही गाडी लागणार नाही, असं ठरवा. अध्यक्षांचीही नाही.

जागेवरून होणारी भांडणंही मिटवता येतात, नियम माहीत असले तर. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, बिल्डरला मोकळी किंवा खांबांवरच्या मजल्याखालची पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही. ती सामाईक जागा असते. तिचं वाटप सोसायटी करते. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत त्याची रीत दिली आहे. ज्याला जागा मिळाली तो ती विकू शकत नाही, दुसऱ्याच्या नावे करू शकत नाही. मागणी जागेपेक्षा जास्त असेल तर चिठ्ठ्या काढायच्या. एकाच घरात तीन गाड्या आणि शेजारच्या घरातल्या एकुलत्या एका गाडीला जागा नाही, हे त्या उपविधींच्या भावनेत बसत नाही. उपविधींची प्रत सोसायटीच्या कार्यालयात असते. मागा. वाचा. दुसऱ्यांनाही वाचून दाखवा.

चौथी गोष्ट नव्या गाडीची. ती अवघड आहे, पण टाळता येणारी नाही. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे. गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये, जागा नसताना घरटी चार-पाच गाड्या घेऊ द्यायला नकोत, असं मत मांडलं. पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, अशी घोषणा राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये केली. कायदा होईल तेव्हा होईल. तुम्ही त्याची वाट बघू नका. दसऱ्याला गाडी बुक करण्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारा. ही रात्री कुठे झोपेल? उत्तर 'रस्त्यावर, बघू काहीतरी' असं असेल, तर थोडं थांबा. हार घालून आणलेली गाडी शेजाऱ्याच्या दाराची अडचण ठरू नये.

तुमच्यापैकी कितीजण म्हणतील, आम्हाला सगळं कळतं, पण जागाच नाही तर लावायची कुठे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं ओझं एकट्या तुमच्यावर टाकणं अन्याय होईल. वाहनतळ बांधणं, बससेवा सुधारणं हे महापालिकेचं काम आहे. ते मागत राहा, ठणकावून मागा. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं, विरोध झाला आणि ते काही रस्त्यांपुरतं आकसलं. तो विरोध आपणच केला होता, हेही विसरू नका. फुकट पार्किंग आणि मोकळी गल्ली, दोन्ही एकदम मिळत नाहीत. मंडईजवळ आर्यन, मिनर्व्हा आणि बाबू गेनू ही वाहनतळं आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. तिथे जागा मिळत असताना दोनशे पावलं वाचवण्यासाठी लक्ष्मी रोडच्या चौकात गाडी ठेवू नका. शेजारच्या शाळेचं पटांगण, मंगल कार्यालयाचं आवार रात्रीपुरतं मिळतं का, याची गल्लीने मिळून बोलणी करा. एकट्याने मागितलं तर नकार मिळतो. तीस घरांनी सह्या करून मागितलं तर निदान विचार होतो.

अनोळखी माणसाच्या वाटेची काळजी घेण्याची ही दृष्टी आपल्या लोकांना नवी नाही. तमिळनाडूत तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडु नावाचं गाव आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली प्रिय सहचरी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ तिथे छत्र, म्हणजे धर्मशाळा, उभारलं. रामेश्वराला निघालेल्या वाटसरूंनी तिथे थांबावं, पोटभर जेवावं, अंग टेकावं. १८०१ साली तंजावरच्या छत्रांविषयी इंग्रज रेसिडेंटला लिहिताना राजांनी वाटेत आजारी पडलेल्यांवर होणारे उपचार आणि पोरक्या झालेल्या मुलांचा सांभाळ यांची हकिगत कळकळीने मांडली. ना नात्याची, ना गोत्याची, कुठून कुठून आलेली माणसं! तरी त्यांच्यासाठी थांबायची जागा वेगळी बांधली आणि वाट वाटसरूला ठेवली. तुमच्या गल्लीत शिरणारी रुग्णवाहिकाही कदाचित अनोळखी माणसालाच घेऊन जाणार असेल. तरी वाट द्या. कधीतरी ती तुमच्याच माणसासाठी येणार आहे.

दंडाची भीती घालायची नाही, पण माहीत असू द्या. राज्यात चुकीच्या पार्किंगचा पहिला दंड ५०० रुपये आणि पुढचा १,५०० रुपये आहे. भोंगा वाजवत येणाऱ्या बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकाला कायद्याने १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना ५,००० ते २३,००० रुपये दंड ठेवला होता. तरी गाड्या लागतच राहिल्या. पावतीने गल्ली मोकळी होत नाही. ती तुम्ही मनावर घेतलं तरच होते.

आणि आता वेळ अजिबात नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. त्याच सुमाराला गणपतीचे मांडव पडतात आणि अरुंद गल्ल्या आणखी अरुंद होतात. मागोमाग नवरात्र येतं, दिवाळी येते. घराघरांत पणत्या, आकाशकंदील, विजेच्या माळा, गल्लीत फटाके. आगीची शक्यता वाढते आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी उरलीसुरली जागाही भरते. त्याआधी हे काम व्हायला हवं. दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, मांडव घालताना रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडा. रात्री ती दुचाक्यांनी भरणार नाही, यासाठी दोन पोरं उभी करा. दुकानदारांनो, माल उतरवणारा टेम्पो चौकात उभा करू नका. तरुणांनो, घरातल्या मोठ्यांना पी-१, पी-२ समजावून सांगा आणि मित्राच्या घरी गेल्यावर त्याच्या शेजाऱ्याच्या दारात गाडी लावू नका. आजी-आजोबांनो, तुम्ही दिवसभर गॅलरीत असता. कुणाची गाडी आडवी लागते ते तुम्हाला दिसतं. गप्प बसू नका, हाक मारा. तुमचं ऐकतात.

सभेची नोटीस तुमच्या जिन्यात लागली असेल. ती वाचा. विषयपत्रिकेत बंबाच्या वाटेचा विषय नसेल, तर सचिवांना दोन ओळींचं पत्र लिहा. बंबाची वाट आखावी, नळासमोरच्या गाड्या हलवाव्यात, जागा चिठ्ठ्या काढून द्याव्यात, एवढंच लिहा. शेजारच्या दारावर टकटक करा आणि त्यांचीही सही घ्या. सभेला स्वतः जा. विषय निघेल तेव्हा हात वर करा. आणि आपली गाडी वाटेत असेल, तर ती सगळ्यांत आधी हलवा.